सुनंदाच्या वाइंडिंगचे साक्षीदार

मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात हौसेनं फिरायला गेलेलं माणूस मला अजून भेटलेलं नाही. मी गेले आणि चांगले आठ दिवस राहिले. सांगलीला परतले तेव्हा नाकाचं सालपट निघालं होतं आणि चपलेच्या अंगठ्याला तांब्याची तार गुंडाळलेली होती. शाळेत प्रत्येकानं त्या तारेबद्दल विचारलं. तुकड्यातुकड्यांनी सांगून मी दमले, म्हणून आता शेवट कळल्यावर सगळं एकदाच लिहून काढते.

मी इंग्रजी शिकवते. माझी मावसबहीण सुनंदा आर्वीची, तिला वर्ध्याच्या बोरगाव मेघेत दिलेली. तिचा नवरा विलास याचं मोटार दुरुस्तीचं दुकान आहे. मोटार म्हणजे विहिरीवरच्या पंपाची, कूलरची, पिठाच्या गिरणीची. मोटारीच्या आत खाचांमध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. ती जळली की सगळी उपसून नवी भरावी लागतात. या कामाला वाइंडिंग म्हणतात आणि त्यात एक वेढा कमी-जास्त झालेला चालत नाही.

विलासचा एक मित्र वेल्डर. तो पाच-सहा वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाला जाऊन स्थायिक झाला. तेव्हा सारं कागदावर झालं होतं. प्रमाणपत्र, अनुभवाचं पत्र, फी, आणि तिकडच्या कचेरीनं बसल्या जागी ठरवलं की हा माणूस कारागीर आहे. विलासनंही तसेच कागद जमवले होते. पाठवायच्या आतच नियम बदलले. एप्रिलमध्ये सुनंदाचा फोन आला की ताई, सुट्टीत ये, इंग्रजी पत्रं लिहायची आहेत. मला वाटलं, चार पत्रं लिहायची आणि आंबे खायचे.

बोरगाव मेघे

वर्ध्याला उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि ऊन सांगलीच्या दुपारचं होतं. विलास स्कूटर घेऊन आला होता. त्यानं आधी मला एक दुपट्टा दिला आणि डोकं, कान, तोंड सगळं बांधायला लावलं. मग खिशातून एक कांदा काढून माझ्या पर्समध्ये टाकला. उन्हाची लू लागू नये म्हणून इकडे सगळे कांदा बाळगतात. आठ दिवस तो माझ्याबरोबर हिंडला.

घरी सुनंदा आणि तिची नऊ-दहा वर्षांची मुलगी होती, आणि ताटात सांबारवडी. मी डोशाबरोबरच्या सांबाराची वाट बघत बसले, तर इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. तळलेल्या पारीत कोथिंबीर ठासून भरलेली, वर तिखट कढी. पाच खाल्ल्यावर मी माझा सांबाराचा आग्रह मागे घेतला.

खाणं झाल्यावर विलासनंच सगळं सांगितलं. नागपूरच्या एजंटानं त्याला नवे नियम समजावले होते. गावोगावची अनुभवाची पत्रं एकाच साच्यातली येत, एका पत्रातली स्पेलिंगची चूक दहा पत्रांत सापडे. म्हणून आता पत्र लिहिणाऱ्यानं आपल्या शब्दांत लिहायचं, अर्जदारानं नेमकं कोणतं काम केलं ते सांगायचं, आणि खाली फोन नंबर द्यायचा. तिकडून फोन येणार. वर एक दिवस परीक्षकासमोर बसून जळलेली मोटार उघडायची, भरायची आणि चालवून दाखवायची.

इथेच गाडी अडली होती. विहिरीत उतरून पंप बसवणं, स्टार्टर जोडणं, गिऱ्हाईक सांभाळणं हे विलासचं काम. वाइंडिंग मात्र बारा वर्षं दुकानामागच्या खोलीत बसून सुनंदा करत होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि घराबाहेर कुणी कधी विचारलं नव्हतं. विलासनं पंधरा दिवस सराव केला. त्यानं भरलेली कूलरची मोटार फिरली, पण उलटी. कूलर खोलीतली हवा ओढून बाहेर फेकू लागला. शेजारी बघायला आले होते म्हणे.

“म्या एजंटले सांगून टाकलं,” विलास म्हणाला, “अर्ज तिच्या नावानं करा. मी तिचा नवरा म्हणून जाईन.”

तो हे सहज बोलला, पण बोलताना हातातला पेचकस चारदा इकडचा तिकडे ठेवला. सुनंदा आत भांडी घासत होती.

सुनंदाकडे एकही कागद नव्हता. शिक्षण बारावी. दुकान विलासच्या नावावर, बिलांवर सही विलासची. एजंट म्हणाला, प्रमाणपत्र नसेल तरी एक वाट आहे. ज्यानं काम शिकवलं त्याचं प्रतिज्ञापत्र हवं, आणि तिचं काम डोळ्यांनी पाहिलेल्या दोन बाहेरच्या माणसांची पत्रं हवीत. शिकवणारा म्हणजे आष्टीला राहणारे तिचे सासरे. त्यांचं शेवटी बघू, असं दोघांनी एकदमच म्हटलं. तेव्हाच मला जरा शंका आली.

सावंगी

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जवळच्या सावंगीला गेलो. तिथे दवाखाना आणि मेडिकलची मुलं, त्यामुळे चहाच्या टपरीवरसुद्धा हाडांची नावं पाठ करणारी पोरं बसलेली. मुलांच्या वसतिगृहाची मेस चालवणारे मिश्राजी हे दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. दर उन्हाळ्यात त्यांच्या कूलरच्या मोटारी सुनंदाच्या हाताखालून जायच्या.

मिश्राजींनी लिंबूसरबत दिलं आणि अगदी सभ्यपणे नाही म्हटलं. मोटारी मी विलासभाऊंना दिल्या, विलासभाऊंनी आणून दिल्या, आत काय होतं मी पाहिलेलं नाही, असं ते म्हणाले. उद्या परदेशातून फोन आला आणि ‘तुम्ही यांना काम करताना पाहिलं का’ असं विचारलं तर मी काय सांगू? त्यांचं चुकत नव्हतं. मी लिहून आणलेला मसुदा पर्समध्ये कांद्याशेजारी ठेवला.

परतताना सुनंदा म्हणाली, “ताई, एखांद्या खेपी मीच मोटार पोचवाले गेली असती तर?”

मी म्हटलं, हिंगणघाट आहे ना अजून. पण हिंगणघाटलाही हेच ऐकायला मिळालं तर फाईल तिथेच मिटणार, हे दोघींनाही कळत होतं.

हिंगणघाट

हिंगणघाटच्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी माझं गाव, पगार, मुलं आणि गुडघेदुखी एवढं सगळं वीस मिनिटांत काढून घेतलं. आमच्याकडे एवढ्याला दोन भेटी लागतात. उतरताना त्यांनी मूठभर फल्लीदाणे माझ्या ओंजळीत घातले. फल्लीदाणे म्हणजे आपले शेंगदाणे.

आम्हाला जायचं होतं ते जिनिंग फॅक्टरीत, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून गाठी बांधतात तिथे. हंगाम संपल्यामुळे आवारात कापूस नव्हता, फक्त पांढरे पुंजके कुंपणाच्या तारांना अडकलेले. तिथले मिस्त्री नामदेवराव बाकावर झोपले होते. सुनंदाला पाहताच उठून बसले आणि पहिला प्रश्न विचारला, “झोळीतली पोट्टी कितवीत गेली?”

मला हायसं वाटलं. या माणसानं पाहिलं होतं.

मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली. आठ-नऊ वर्षांपूर्वी ऐन हंगामात गाठी दाबणाऱ्या प्रेसची मोठी मोटार जळली. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. मोटार इतकी जड की हलवून वर्ध्याला नेण्यात दिवस गेला असता. विलास म्हणाला, काम करणारं माणूसच घेऊन येतो. आणि घेऊन आला तो बायकोला, कडेवर वर्षाची मुलगी. नामदेवराव म्हणाले की मला वाटलं, हा जेवण करायला बाई आणून राह्यला. सुनंदानं लोखंडी तुळईला साडीची झोळी बांधून मुलीला निजवलं आणि मोटारीपुढे मांडी घातली. दोन दिवस ती उठली फक्त मुलीला घ्यायला. नामदेवरावांनी खाचांत तारेखाली घालायचे कागद कापून दिले, झोळीला झोके दिले आणि चहा आणला. दुसऱ्या संध्याकाळी प्रेस सुरू झाली. सेठजींनी मिठाई वाटली, ती विलासच्या हातात दिली.

हे मी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं आणि तिथेच इंग्रजी केलं. झोळीचं वाक्य काढावं का, असा मला प्रश्न पडला. नामदेवराव म्हणाले, राहू द्या, खोटं बोलणाऱ्याले झोळी सुचत नाई.

फॅक्टरीचे सेठजी हिंदी-मराठी मिसळून बोलणारे, त्यांच्या घरात तीन पिढ्यांचा व्यापार. ‘जो सच है, लिख दो’ म्हणून त्यांनी लेटरहेड काढून दिलं. सही-शिक्का झाल्यावर माझ्या लक्षात आलं की लेटरहेडवरचा फोन नंबर जुना आहे, तो केव्हाच बंद पडला. पुन्हा सगळं नव्यानं लिहिलं आणि नामदेवरावांचा मोबाईल नंबर दिला. फोनवर इंग्रजी ऐकू आलं तर काय करायचं, ही त्यांची काळजी. ‘इंटरप्रिटर प्लीज’ एवढंच म्हणा, दुभाष्या मिळेल, असं मी शिकवलं. ते पाठ करत आम्हाला शेजारच्या दालमिलमध्ये घेऊन गेले. तिथल्या मालकांनीही त्या वेळी तिला काम करताना पाहिलं होतं आणि नंतर दोनदा बोलावून स्वतःच्या मोटारी भरून घेतल्या होत्या. दुसरं पत्र तिथे झालं.

परतीच्या बसमध्ये सुनंदा खिडकीला डोकं टेकून झोपली. फाईल मात्र तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

आष्टी

आष्टीला जायला आधी आर्वी, मग तळेगावला बस बदलायची. तळेगावच्या थांब्यावर डांबर एवढं तापलं होतं की माझ्या चपलेचा अंगठाच सुटून आला. चांभार दुपारचा घरी गेलेला. सुनंदानं पिशवीतून तांब्याच्या तारेचं भेंडोळं काढलं, त्यातली तार दातानं तोडली, आणि पाच मिनिटांत अंगठा असा विणून दिला की बाकीची चप्पल त्यापुढे जुनी वाटायला लागली. थांब्यावरच्या दोन बायकांनी आपल्याही चपला पुढे केल्या.

आष्टीकडे जाताना संत्र्याच्या बागा लागतात. एवढ्या उन्हात त्या हिरव्यागार बघून डोळ्यांना बरं वाटतं. गावात बाजाराचा दिवस होता. सुनंदाचे सासरे मारोतरावजी ओट्यावर आमची वाटच पाहत होते. पंचाहत्तरीचे, ताठ, पांढरा सदरा. दोन्ही हात सारखे थरथरणारे. या थरथरीमुळेच त्यांचं काम सुटलं होतं. थोरल्या मुलाकडे ते राहायचे.

पाणी झालं, खुशाली झाली. मी विषय काढला तसे ते उठले. म्हणाले, आज बाजार आहे, उद्या पाहू. आणि पिशवी घेऊन आम्हाला बाजारात घेऊन गेले. तिथे टरबुजाच्या ढिगापाशी त्यांनी पाच टरबुजं वाजवून पाहिली आणि सहावं घेतलं. जाताना दहा जणांनी त्यांना रामराम घातला, आणि प्रत्येकाला त्यांनी त्याच्या पंपाबद्दल विचारलं, घरच्यांबद्दल नंतर.

रात्री पाटवडीचा रस्सा होता. आम्ही कोल्हापूरच्या बाजूची माणसं तिखटाचा तोरा मिरवतो, तो मी पहिल्या घासाला उतरवून ठेवला. झोपताना सुनंदा हळूच म्हणाली की सासरे प्रतिज्ञापत्र लिहून देणार नाहीत. लिहायचं म्हणजे पोराला हे काम आलं नाही हे कागदावर द्यायचं, आणि वर आम्हाला जायची वाट करून द्यायची.

सकाळी मी उठले तर ते अंगणात सुनंदाला समोर बसवून बोलत होते. मी दारातच थांबले.

“विलासले लाज नाई वाटणार?” त्यांनी विचारलं.

“त्यायनंच पाठवलं मले, मामाजी.”

“अन् तुले?”

“मले बारा वर्षं वाटली. आता नाई वाटत.”

त्यांनी मला हाक मारली. “बसा मॅडम. लिहा. माह्या पोरानं हे काम शिकलं नाई. म्या बसवलं की तो उठून जाये.”

मी म्हटलं की मुलाचं लिहायची गरज नाही, फक्त सुनंदाला शिकवलं एवढं पुरे.

“पुरं लिहा,” ते म्हणाले. “अर्धं लिहिलेलं पकडल्या जाते.”

मग त्यांनी सांगितलं ते सुनंदानंही त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ती लग्न होऊन आली त्या वर्षी ते बोरगावच्या घरात दाराशी बसून कॉइल भरत होते. वेढे तोंडानं मोजत. मध्येच कुणी पाहुणा आला, दोन शब्द बोलले आणि आकडा विसरले. आता सगळं उलगडावं लागणार म्हणून चिडून बसले होते, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘बहात्तर.’ नवी सून तांदूळ निवडत होती. त्यांनी तरीही उलगडून मोजलं. बहात्तरच भरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला हाताशी बसवलं.

“तुमी कदी बोलले नाई हे,” सुनंदा म्हणाली.

“काऊन बोलू? बोललं की माणूस आकडा विसरते.”

प्रतिज्ञापत्रासाठी तहसील कचेरीत गेलो. अर्जनवीसानं चिंचेखाली बसून मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला, तशी पद्धतच आहे. ‘माझा मुलगा हे काम शिकला नाही’ या वाक्याला आसपासची चार डोकी वळली. त्यात ओळखीची असणारच. मारोतरावजी समोर बघत उभे राहिले. वाचून झाल्यावर त्यांनी पेन घेतलं. हात इतका हलत होता की पहिली सही कागदाबाहेर गेली. सुनंदानं पुढे होऊन कागद धरला. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं आणि एकेक अक्षर काढलं. पूर्ण नाव लिहायला त्यांना बराच वेळ लागला. मागच्या माणसानं घाई केली नाही.

बसपर्यंत ते पोचवायला आले. मला म्हणाले, “पुन्हा येजो बाई, संत्र्याच्या दिवसात.” बस सुटेपर्यंत उन्हात उभे होते.

नागपूर

परीक्षेची तारीख दिवाळीच्या सुट्टीत आली, म्हणून मला पुन्हा जाता आलं. नागपूरच्या एका खासगी प्रशिक्षण केंद्रात सकाळी आठला हजर व्हायचं होतं. सुनंदा साडी सोडून पहिल्यांदाच पंजाबी ड्रेसमध्ये होती आणि सारखी ओढणी शोधत होती. ती घरी ठेवायला सांगितली होती, मशीनमध्ये अडकते म्हणून.

दारातच अडचण. सुरक्षेचे बूट घातल्याशिवाय आत सोडणार नव्हते आणि सगळ्यात लहान जोड तिला दोन बोटं मोठा. बाकी उमेदवार सगळे पुरुष. सुनंदानं तेल पुसायच्या चिंध्या मागून घेतल्या, बुटांत कोंबल्या आणि बदकासारखी चालत आत गेली.

विलास आणि मी बाहेर बसलो. दुपारपर्यंत त्यानं तीन चहा मागवले आणि एकही प्यायला नाही. तर्रीपोहे मी एकटीनं खाल्ले. मध्येच तो म्हणाला, “ताई, तिकडं लोक विचारतील, नवरा काय करते. मी काय सांगू?” मी म्हटलं, विहिरीत उतरून पंप बसवतो म्हणून सांगा, तिला ते येतं का? त्यानं थोडा विचार केला. म्हणाला, नाई, तिले विहिरीची भीती वाटते. आणि चौथा चहा प्यायला.

चारला सुनंदा बाहेर आली. बोटांना वार्निश, कपाळावर काळा पट्टा. परीक्षक उंच, गोरा, घामानं भिजलेला माणूस होता म्हणे, आणि कमी बोलणारा. त्यानं विचारलं की वाइंडिंग जळलंय हे कसं ओळखता. ती म्हणाली, वासावरून. दुभाष्यानं ते भाषांतर करावं की नाही म्हणून तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली. परीक्षक खाली वाकला, मोटार हुंगली आणि काहीतरी लिहिलं. मग म्हणाला, आता मीटरनं दाखवा. तिनं दाखवलं. एकदा चूक झाली. वीज बंद केल्यावर बटणाला कुलूप घालून पाटी लावायची असते, ती लावली नाही. त्यानं काम थांबवून पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं. छत्तीस खाचा भरून मोटार चालू केली तेव्हा बूट कधीच निघून बाजूला पडले होते आणि त्याबद्दलही तिला बोलणी बसली. बूट घालून तिनं पुन्हा चालू केली.

“चालली?” विलासनं विचारलं.

“सुलटी,” ती म्हणाली, आणि दोघंही हसायला लागले.

नंतरचं मला फोनवर कळलं. परदेशातून आधी नामदेवरावांना फोन गेला. त्यांनी ‘इंटरप्रिटर प्लीज’ म्हटलं आणि पुढे एवढं बोलले की दुभाष्याला त्यांना थांबवावं लागलं. मग आष्टीला फोन गेला. अर्जदार तुमची कोण, असं मारोतरावजींना विचारलं. ते म्हणाले, शागीर्द. दुभाष्या म्हणाला की कागदावर तर सून लिहिलंय. त्यावर त्यांनी उत्तर दिलं की सून ती माह्या पोराच्या लग्नानं झाली, शागीर्द माह्या हातानं झाली, तुमाले कोनतं पाह्यजे ते लिहून घ्या.

सुनंदा पास झाली. त्यानंतरही इंग्रजीची परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि बरंच थांबणं झालं. इंग्रजीत ती पहिल्यांदा नापास झाली आणि मी फोनवरून चार महिने तिचा जीव खाल्ला. शेवटी तिघं गेले. एका शेतीच्या गावातल्या पंपाच्या वर्कशॉपमध्ये तिला काम लागलं, आणि विलासही तिथेच पंप बसवायला जाऊ लागला.

पोचल्यावर तिनं पहिला फोन आष्टीला केला. मारोतरावजी घरातल्या सगळ्यांना गप्प बसवून फोन कानाला लावून बसले. तिकडे कसं आहे, घर मिळालं का, पोरीची शाळा सुरू झाली का, हे त्यांनी नंतर विचारलं, आधी विचारलं ते तिकडच्या मोटारींचं. ती म्हणाली, “मामाजी, इकडच्या मोटारा बी जळतातच.”